लवणासुर आधी की लोणार?

दर पावसाळ्यात लोणार सरोवराचा एक हिरवागार फोटो आणि त्याखाली एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन ग्रुपांतून आला, त्यातला एक आमच्याच भावकीचा. मजकुराचा मथितार्थ असा: लवणासुराला विष्णूने इथे मारलं म्हणून गावाचं नाव लोणार. लवणासुर म्हणजेच आकाशातून पडलेली उल्का. सरोवराभोवतीचं प्रत्येक नाव, दैत्यसूदनाचं देऊळ, कमळजा देवी, मेहकर गाव, या घटनेचा पुरावा आहे. आणि ‘हे सगळं इंग्रजांनी दडपून 1823 साली शोध आमचाच म्हणून सांगितलं.’

शेवटून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या खड्ड्याची नोंद केली, हे खरं. पण त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त, मेहकरच्या वर्णनात लोणार नावानिशी आहे. ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो आणि त्यातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, असं त्यात लिहिलंय. दडपायचंच होतं तर अकबराच्या दप्तरापासून सुरुवात करावी लागली असती.

आता मुख्य मुद्दा, नावाचा. संस्कृत ‘लवण’ प्राकृतात ‘लोण’ होतं, आणि लवण करणारा तो ‘लवणकार’, म्हणजे लोणार. हाच शब्द ‘लोणारी’त आहे. मीठ, चुना, कोळसा करणारा लोणारी समाज महाराष्ट्राला काही नवा नाही. कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार झाला, त्याच चालीवर हे. आणि गावात पिढ्यान् पिढ्या काय निघत होतं? खार, म्हणजे तळ्यातला क्षार. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर थर सुकायचे. त्यांना पापडी, भुसकी, दल्ला अशी वेगवेगळी नावं होती, प्रतीप्रमाणे. ज्या मालाच्या प्रतींना वेगवेगळी नावं असतात, तो माल बाजारात गेलेला असतो. म्हणजे गावाचं नाव धंद्यावरून, आणि राक्षसाचं नाव गावावरून. (प्रत्येक ‘लोण’ मात्र मिठाचा नव्हे. लोणावळ्याची फोड लेण्यांवरून करतात, आणि लोणी तर नवनीतातून आलं. नुसत्या अक्षरसाम्यावर धावू नये ते याचसाठी.)

लवणासुराचीही एक अडचण आहे. रामायणाच्या उत्तरकांडात तो मधूचा मुलगा, राहणार मधुवनात, म्हणजे मथुरेकडे, आणि त्याला मारतो शत्रुघ्न. लोणारात तो जमिनीखालच्या घरात राहतो आणि त्याला मारतो विष्णू. म्हणजे नाव ओळखीचं आणि गोष्ट इथली. त्यात वाईट काही नाही. उलट ही स्थानिक कथा मला फार आवडते. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या घराचं झाकण उडवलं, ते लांब जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली. पाणी हे राक्षसाचं रक्त, खार हे त्याचं मांस. दीडशे मीटरच्या आसपास खोल, गोल खड्डा, कडा उचललेल्या, तळाशी खारं पाणी: ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं त्यालाच अशी कथा सुचेल. पण ती खड्डा पाहून सुचली, उल्का पडताना पाहून नव्हे.

कारण ती उल्का पडली तेव्हा तिला नाव द्यायला आपल्यापैकी कोणी नव्हतं. खड्ड्याचं वय एका पद्धतीने सुमारे 52,000 वर्षं येतं, तर खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीने सुमारे 5 लाख 70 हजार. यातला कमीत कमी आकडा धरला तरी संस्कृतचा पत्ता नव्हता, मग मराठी नावाची गोष्टच सोडा. शिवाय शास्त्रज्ञही कितीतरी वर्षं याला ज्वालामुखीचंच विवर म्हणत होते. 1970 च्या दशकात इथल्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच, मास्केलिनाइट, सापडली आणि वाद मिटत गेला. जे नावातूनच स्पष्ट होतं, असं आज सांगतात, ते तोवर एकालाही त्या नावात दिसलं नव्हतं.

मेहकरचंही तसंच. मेघंकर नावाचा दैत्य मारला म्हणून मेहकर, असं मजकूर म्हणतो. पद्मपुराणात मेघंकर येतं ते नगराचं नाव म्हणून, शार्ङ्गधर विष्णूचं ठिकाण म्हणून. तिथे तो दैत्य नाही. गावाच्या नावातून दैत्य काढायचा हा आपला जुना छंदच दिसतो. सरोवराकाठच्या वाघ महादेवावरून अजून वाघासुर निघाला नाही, एवढंच नशीब.

कमळजा देवीच्या नावावरून ‘पूर्वी इथे कमळं फुलत’ हा निष्कर्ष तर अगदीच घाईचा. कमळजा म्हणजे कमळातून जन्मलेली, लक्ष्मी. ते देवीचं नाव आहे, वनस्पतीची यादी नव्हे. पाण्याचा सामू (pH, क्षारपणाचं माप) वर्षानुवर्षं दहाच्या आसपास होता. त्यात कमळ कसं तगेल?

2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा ‘राक्षसाचं रक्त’ पुन्हा वर आलं. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले गेले. कमी झालेलं पाणी, वाढलेला खारटपणा आणि त्यात वाढलेले मीठप्रेमी सूक्ष्मजीव यांनी तो रंग आणला होता. बाटलीत ते जीव तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा नितळ.

एक नाव मात्र या मजकुरात कधी येत नाही. देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका अंगाला पाणी गोड, सरोवराच्या अंगाला खारं. कड्यातून झिरपणारं गोडं पाणी आणि तळ्याचं खारं पाणी जिथे भेटतात तिथे हे नाव ठेवणाऱ्याला ना उल्का लागली, ना असुर. त्यातली सासू कोणती, एवढं विचाराल तर उत्तर कोणाच्या घरी विचारताय त्यावर आहे.