जिन्यात सिगारेट ओढणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

घरच्यांवर आपले अतोनात प्रेम असल्यामुळे आपण घरात सिगारेट ओढत नाही, हे कौतुकास्पदच आहे. त्यासाठी जिन्याचे वळण निवडावे, कारण तेथला धूर आपल्या घरात न शिरता वरच्या मजल्यावरच्या दारांच्या फटींतून आत जातो आणि तेथे राहणारी माणसे काही आपल्या नात्यातली नसतात.

‘दिवसाला एकच’ असेल तर तसे अभिमानाने सांगावे. रोज एक ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा नसून जवळजवळ निम्मा असतो; पण एवढे गणित कोण करत बसतो?

दंडाला घाबरू नये. सार्वजनिक जागेतल्या धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने जास्तीत जास्त २०० रुपये दंड ठेवला आहे, तेवढ्यात पुण्यात दोघांची मिसळ जेमतेम होते.

शेजारी नुकतीच अँजिओप्लास्टी झालेला कोणी असेल, तर त्याच्या फिरण्याची वेळ तेवढी साधावी. कोथरूडमधल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या आठवड्यात वडिलांना तिसऱ्या मजल्यावरून हळूहळू उतरवत असताना ते वळणावर कठडा धरून दम खायला थांबले, आणि तेथेच एक सद्गृहस्थ फोनवर बोलत करवंटीत राख झटकत उभे होते. मी विनंती केली, तर म्हणाले, “काका, खिडकी उघडी आहे की!” खिडकी उघडी होती, हे खरे. पण वारा आत येत होता, आणि तो धूर वडिलांच्याच तोंडावर आणत होता. अर्धा तास असा धूर घेतला तरी न ओढणाऱ्याच्याही रक्तवाहिन्यांचे अस्तर नीट काम करेनासे होते, रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट होऊन गुठळीची तयारी सुरू होते, आणि कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर प्राणवायूची जागा बळकावून बसतो. घरी किंवा कामावर रोज दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. स्टेंट बसवलेल्या माणसाला खिडकीचे कसले कौतुक सांगता?

आपल्या बाळाला धूर लागू नये एवढे तुम्हाला कळते, म्हणजे तो विषारी आहे हेही तुम्हाला कळते. मग तो माझ्या बापाने का घ्यायचा? ओढायची तर स्वतःच्या घरात, दारे-खिडक्या लावून ओढा, आणि तेवढी छाती नसेल तर सोडा. ती करवंटी आज रात्रीपर्यंत तेथून उचला.