खारट पाण्यातला मित्र

लिस्बनला राहायला आलो तेव्हा मी कोकणातला माणूस म्हणून निर्धास्त होतो. समुद्र आहे, मासे आहेत, आणखी काय हवं? पण इथे ज्या माशाची आरती ओवाळतात, तो इथल्या समुद्रात मिळतच नाही. नॉर्वे-आइसलँडकडचा कॉड, खारवून वाळवलेला. दुकानात फळ्यांसारखा रचलेला असतो आणि दुकानदार चक्क करवतीच्या यंत्रावर कापून देतो. नाव बाकाल्याव. लाडाचं नाव ‘एकनिष्ठ मित्र’.

हा मित्र घरी आणला की दीड-दोन दिवस फ्रिजमध्ये पाण्यात डुंबतो. खारटपणा जावा म्हणून पाणी बदलत राहायचं. रात्री दोनला उठलो तर बायको कूस बदलून म्हणाली, “पोरांसाठी उठला नाहीत कधी!”

एखादं काम अर्धवट लोंबकळलं की पोर्तुगीज म्हणतात, ते बाकाल्यावच्या पाण्यात राहिलं. माझा राहण्याचा परवाना सध्या त्याच पाण्यात आहे.

नाताळच्या आदल्या रात्री घरमालकीणबाईंना जेवायला बोलावलं. शिवाय ऑफिसातला माद्रिदचा एक, बार्सिलोनाची एक आणि बिल्बाओचा एक. तिघेही स्पेनचे, पण भाषा तीन: स्पॅनिश, कातालान आणि बास्क. उकडलेला मासा, बटाटे, कोबीची पानं, अंडी, वर ऑलिव्हचं तेल. वाफा येत होत्या. तेवढ्यात माद्रिदकराने ‘बाकालाओ’ म्हटलं. बार्सिलोनावालीने ‘बकल्या’ म्हणून दुरुस्ती केली. बिल्बाओकर शांतपणे म्हणाला, “बाकाइलाओ. शब्द मुळात आमचा, बास्कांचा.” झालं! घरमालकीणबाईंनी काटा खाली ठेवला.

पंडितांतही एकमत नाही. काही जण बास्क भाषेकडे बोट दाखवतात, तर काही डच ‘काबेल्याव’कडे. ‘काबे’चं ‘बाका’ झालं म्हणे. यात नवल कसलं? आपण रोज नुकसानीचं नुस्कान करतोच. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण ऐकतो कोण! माद्रिदकर म्हणाला, “आमच्याकडे ज्याच्या हाती कारभार, त्याला ‘बाकालाओ कापणारा’ म्हणतात.” घरमालकीणबाईंनी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

बटाटे गारढोण झाले. उरलेला मासा दुसऱ्या दिवशी लसणावर परतला. पोर्तुगालात या पदार्थाला ‘जुने कपडे’ म्हणतात. हौसेने फोटो पाठवला, तर पाच मिनिटांत माद्रिदहून निरोप: “हे जुने कपडे नव्हेत. जुन्या कपड्यांत मांस असतं.”