‘लोगो पीएनजीत ठेवा, बाकी काही लागत नाही’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: ‘लोगो नेहमी पीएनजीमध्येच ठेवा, जेपीजीने तो खराब होतो. पीएनजीची पार्श्वभूमी पारदर्शक असते, म्हणजे ती व्हेक्टर फाइलच असते. रिझोल्यूशन ३०० डीपीआय केले की लोगो हव्या त्या आकारात छापता येतो. छापखान्याने पीडीएफ मागितली तर पीएनजीचीच पीडीएफ करून द्या. वेबसाइटलाही पीएनजीच उत्तम. सीडीआर, एआय, ईपीएस या फायलींसाठी वेगळे पैसे मागणे हा डिझायनर मंडळींचा धंदा आहे.’

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात मी प्रीप्रेसचे काम करते. ग्राहकाची फाइल मशीनवर जाण्याआधी तपासायची आणि बिघडलेली असेल तर निस्तरायची, हे माझे रोजचे काम असल्यामुळे या संदेशाचा सल्ला मानलेले लोगो अखेर माझ्याच टेबलावर येतात. संदेश सरसकट खोटा नाही. तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच लोकांना पटतो. तेव्हा तो एकेका विधानाने तपासायला हवा.

पहिले विधान जेपीजीबद्दलचे. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत छायाचित्रांसाठी आखलेली आहे. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे (चित्र ज्या बारीक रंगीत ठिपक्यांनी बनते त्यांचे) चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तपशील प्रत्येक चौकोनातून टाकून देते. डोंगर, चेहरा किंवा चकलीच्या ताटाचा फोटो असेल तर हे खपून जाते. पण पांढऱ्यावर लाल अक्षर असेल तर कडेशी धुरकट ठिपके उमटतात. इतपत संदेश बरोबर आहे. मात्र जेपीजी नुसती उघडल्याने किंवा कॉपी केल्याने खराब होत नाही, बदल करून पुन्हा सेव्ह केली की होते. शिवाय खराब झालेल्या जेपीजीची पीएनजी केल्याने काहीही परत येत नाही, उलट पीएनजी तपशील गाळत नसल्यामुळे ते ठिपके इमानेइतबारे जपले जातात. आणखी एक गोष्ट संदेश पाठवणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही: पीएनजी व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवली की वाटेतच तिची जेपीजी होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तरच ती आहे तशी पोचते.

पारदर्शक म्हणजे व्हेक्टर, हे दुसरे विधान मात्र पूर्ण चूक आहे. पीएनजी हा पिक्सेलचाच प्रकार. जीआयएफ या जुन्या चित्र-प्रकारात वापरल्या जाणाऱ्या तंत्राच्या पेटंटवरून १९९४ च्या अखेरीस वाद उभा राहिला, त्यातून पर्याय म्हणून पीएनजी पुढे आली आणि १९९६ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले. प्रत्येक पिक्सेल किती पारदर्शक असावा याची नोंद तिच्यात असते, एवढाच पारदर्शकतेचा अर्थ. व्हेक्टरमध्ये पिक्सेल नसतातच. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळणारी रेषा काढ, आत हा रंग भर’ अशा सूचना असतात, आणि त्या दर वेळी हव्या त्या मापाने नव्याने अमलात येतात. (पारदर्शक समजून आणलेल्या कित्येक फायलींत, सॉफ्टवेअर पारदर्शक जागा दाखवायला वापरते त्या करड्या-पांढऱ्या चौकटी चित्रातच छापलेल्या असतात. लक्ष राहिले नाही तर दुकानाच्या पाटीवर लोगोमागे बुद्धिबळाचा पट उमटेल.)

सर्वाधिक नुकसान तिसऱ्या विधानाने होते. राम मारुती रोडजवळ फराळाचे दुकान चालवणाऱ्या एक काकू आठ फूट बाय तीन फुटांच्या पाटीसाठी आमच्याकडे आल्या. पेन ड्राइव्हवर एकच पीएनजी होती, आणि त्यांनी अभिमानाने सांगितले, “अगं, भाच्याने तीनशे डीपीआय करून दिलीये, आता काही अडचण येणार नाही.” फाइल उघडली तर रुंदी ६४० पिक्सेल होती. भाच्याने पूर्वीच्या ७२ च्या जागी ३०० हा आकडा टाकला होता आणि पिक्सेल होते तेवढेच राहिले होते. डीपीआयचा आकडा म्हणजे ‘हे चित्र छापताना एका इंचात इतके पिक्सेल बसवा’ अशी फाइलवर लिहिलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीवरचा आकडा बदलल्याने डब्यातले लाडू वाढत नाहीत.

हिशोब सरळ आहे. ६४० पिक्सेल एका इंचात ३०० या दराने छापले तर लोगो २.१ इंच रुंद होतो. साडेतीन इंची व्हिजिटिंग कार्डावर तो उत्तम दिसतो, आणि संदेशावर विश्वास बसतो तो याच अनुभवामुळे. तोच लोगो आठ फूट, म्हणजे ९६ इंच ताणला तर एका इंचाला पावणेसात पिक्सेलही येत नाहीत. प्रत्येक पिक्सेल जवळपास चार मिलिमीटरचा चौकोन होतो. मी काकूंना पडद्यावर पाटीच्या खऱ्या मापात त्यांच्या नावातला रफार दाखवला. गोलाई असायला हवी तिथे जिन्याच्या पायऱ्या होत्या, आणि टोक शिरोरेषेला मिळते तिथे तर नुसता करडा धुरळा होता. देवनागरीत हे लवकर उघडे पडते, कारण रफार, अनुस्वार, उकार हे सगळे छोट्या जागेत दाटीने बसलेले असतात.

सॉफ्टवेअरला पिक्सेल वाढवायला सांगता येते, हे खरे. पण ते वाढीव पिक्सेल शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरलेले असतात, त्यामुळे पायऱ्यांच्या जागी धूसरपणा येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने अंदाज जास्त हुशारीने करतात, तरी अक्षराच्या बाबतीत तो अंदाजच राहतो, आणि बिघडलेले जोडाक्षर ग्राहकाच्या लक्षात पाटी लागल्यावर येते. शिवाय पाटीला ३०० लागतातच कुठे? आठ फुटी फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघायचा असतो. त्याला इंचाला ७२ च्या आसपास पिक्सेल पुरतात, म्हणजे रुंदीला सुमारे ७,००० पिक्सेल. तीनशेच्या हट्टाने तीच फाइल २८,८०० बाय १०,८०० पिक्सेलची, म्हणजे ३१ कोटींहून अधिक पिक्सेलची होईल, आणि पाटीत डोळ्याला फरक दिसणार नाही. लोगो व्हेक्टर असेल तर हा हिशोबच करावा लागत नाही.

पीएनजीची पीडीएफ करून देण्याचा चौथा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो. पीडीएफ ही पिशवी आहे. तिच्यात रेषा, मजकूर, फॉन्ट, छायाचित्र यांपैकी काहीही असू शकते. पीएनजी आत टाकली तर पिशवीत पीएनजीच राहते. तपासायला विशेष कौशल्य लागत नाही. पीडीएफ उघडून अक्षराची कड ६४०० टक्क्यांपर्यंत मोठी करून पाहावी. कड धारदार राहिली तर व्हेक्टर, चौकोन दिसले तर पिक्सेल. इंटरनेटवर फुकटात ‘पीएनजीची एसव्हीजी’ करून देणाऱ्या काही साइटही हाच खेळ करतात. एसव्हीजी हा वेबसाठीचा व्हेक्टर प्रकार. ती मुळात मजकुराची फाइल असल्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडता येते. आत ‘पाथ’ या शब्दामागे आकड्यांच्या ओळी असतील तर ती खरी, आणि ‘इमेज’ व ‘बेस६४’ या शब्दांनंतर अक्षरांचे न संपणारे भेंडोळे असेल तर आत पीएनजीच गुंडाळलेली आहे असे समजावे.

रंगांबद्दल संदेश अवाक्षर काढत नाही, पण छपाईसाठी पीएनजी सुचवताना तो विषय टाळता येत नाही. पीएनजीमध्ये सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या भाषेतले रंग, ठेवण्याची सोयच नाही. ते जेपीजी, टिफ आणि पीडीएफमध्ये ठेवता येतात. पडद्यावरचा झगमगता निळा किंवा पोपटी चार शाईंत उतरताना मंदावतो. तो किती मंदावेल हे आधी पाहून ठरवायचे, की मशीनवर गेल्यावर कळू द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो. काळ्याचे दुखणे आणखी वेगळे. या कामात नवी असताना एका ग्राहकाच्या कार्डावरचा बारीक पत्ता मी पीएनजीतून आला तसाच सोडला होता. पडद्याचा काळा चारही शाईंत विभागला गेला, मशीनवर रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही शाईंचे एकमेकींवर नेमके बसणे, केसभर हलले, आणि प्रत्येक अक्षराला एका बाजूने गुलाबी, दुसऱ्या बाजूने निळसर झालर आली. एक हजार कार्डे पुन्हा छापावी लागली. चूक माझीच होती. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत हवा, आणि फाइल व्हेक्टर असेल तर ते दोन क्लिकचे काम आहे.

वेबवर पीएनजी उत्तम, या विधानात तथ्य आहे पण थोडे. वेबसाइटवरच्या लोगोला एसव्हीजी जास्त योग्य. ती २००१ पासूनचे मानक आहे, साधा लोगो तिच्यात काही किलोबाइटमध्ये मावतो आणि मोबाइलपासून मोठ्या पडद्यापर्यंत सारखाच स्वच्छ दिसतो. छायाचित्रांना जेपीजी किंवा गूगलने २०१० मध्ये आणलेली वेबपी वापरावी, कारण छायाचित्राची पीएनजी विनाकारण जड होते. जिथे एसव्हीजी स्वीकारलीच जात नाही, उदाहरणार्थ व्हॉट्सॲपचा प्रोफाइल फोटो किंवा जीमेलमधली सही, तिथे पीएनजी जरूर द्यावी, फक्त ती मूळ व्हेक्टरमधून हव्या त्या मापात काढलेली असावी.

राहिला धंद्याचा आरोप. सीडीआर ही कोरलड्रॉ या, तर एआय ही इलस्ट्रेटर या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल. ईपीएस ही व्हेक्टर चित्र एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची जुनी फाइल. लोगो जिथे घडला ती जागा म्हणजे मूळ फाइल, बाकी सगळ्या तिच्यातून काढलेल्या प्रती. रेडियम कापणाऱ्याच्या प्लॉटरला रेषाच लागते, कारण त्याचे पाते पिक्सेलवर चालत नाही. ॲक्रिलिकची अक्षरे कापणाऱ्या लेझरचेही तेच. टी-शर्टवर भरतकाम करायचे तर डीएसटी ही टाक्यांची फाइल वेगळी बनवावी लागते, आणि तीही स्वच्छ रेषांवरून लवकर बनते. मूळ फाइलसाठी वेगळे पैसे घ्यावेत की नाही यावर मतभेद असू शकतात. माझे मत असे की ते आधी ठरलेले आणि बिलावर लिहिलेले असावे. काम झाल्यावर ग्राहकाला ओलीस धरणारे डिझायनर मीही पाहिले आहेत, आणि संदेशातला राग त्यांच्यामुळेच आला असावा. पण राग डिझायनरवर आहे म्हणून फाइलच नको म्हणणे म्हणजे सोनाराशी भांडण झाले म्हणून दागिना त्याच्याकडेच सोडून येण्यासारखे आहे.

मूळ फाइल मागताना मराठी माणसाने एक जास्तीची काळजी घ्यावी. बरेच जुने लोगो युनिकोडपूर्व (सगळ्या संगणकांवर मराठी अक्षरे सारखीच ओळखली जाण्याची सोय येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात, आणि तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की दुकानाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. युनिकोडमध्ये टाइप केलेले असले तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतो आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. म्हणून छापखान्यात ‘कर्व्ह करून द्या’ असे सांगतात: अक्षरांच्या रेषा करायच्या, म्हणजे फॉन्टची गरज उरत नाही. कर्व्ह केलेला मजकूर मात्र पुन्हा टाइप करून बदलता येत नाही, तेव्हा दोन्ही प्रती घ्याव्यात. नव्या कोरलमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि अनेक छापखान्यांत जुनीच आवृत्ती चालते. सोबत एक व्हेक्टर पीडीएफ असली की हा अडसर राहत नाही.

काकूंच्या डिझायनरने तीन वर्षांपूर्वी सगळे काही दिले होते, असे नंतर निघाले. ‘या फायली उघडतच नाहीत’ म्हणून त्यांनी तो फोल्डर तसाच ठेवून दिला होता, आणि भाच्याने उघडणारी तेवढी एकच फाइल उचलली होती. त्यातली सीडीआर आमच्याकडेही उघडली नाही. तिच्या शेजारची, कर्व्ह केलेली ८४ किलोबाइटची पीडीएफ उघडली, आणि पाटी तिच्यावरून झाली.