पोलीस ठाण्यात पाद्री कशाला?

मी सोलापुरातल्या एका चर्चचा पाळक, आणि पोलिसांचं ऐकून घ्यायला ठाण्यात जाऊन बसतो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. मंडळीतले म्हणतात, पाळकसाहेब, घरभेटी राहिल्यात, आजारी माणसं वाट बघतायत, आणि तुम्ही ठाण्यात जाऊन काय बसता? खात्यातले, त्यातही नवीन बदलून आलेले अधिकारी, आधी संशयाने बघतात. धर्मांतराचा काही प्रकार आहे का? कुणाची शिफारस घेऊन आलाय का? दोघांनाही एकदा नीट सांगावं म्हणून लिहितोय. लांब झालंय, पण सवडीने वाचा.

माझ्याकडे कसलंही नेमणूकपत्र नाही. आपल्या पोलीस दलात असं पदच नाही. लष्करात आहे. तिथे पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री हे धर्मगुरू म्हणून रीतसर भरती होतात, ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा हुद्दा मिळतो. इंग्लंडमध्ये कॅथरीन गर्नी नावाच्या बाईंनी १८८३ साली ख्रिस्ती पोलिसांची संघटना उभी केली आणि पुढे १८९० मध्ये होव्हला, समुद्रकाठी, आजारी आणि जखमी पोलिसांसाठी आरामगृह काढलं. अमेरिकेत पोलिसांच्या चॅप्लेन लोकांची, म्हणजे दलाबरोबर काम करणाऱ्या धर्मगुरूंची, संघटना १९७३ पासून आहे. तिथले बरेचसे चॅप्लेन बिनपगारी, आपापली मंडळी सांभाळून हे काम करणारे. त्यांच्या कामातलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. अपघातात, खुनात कुणी गेलं की घरच्यांना ती बातमी सांगायला पोलिसाबरोबर चॅप्लेन जातो.

आपल्याकडे हवालदार एकटा जातो. दार वाजवतो, 'अमुक यांचं घर हेच का' म्हणून विचारतो, आणि पुढचं वाक्य त्याला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं. बातमी देऊन झाली की तोच माणूस ओळख पटवायला नातेवाइकांना सिव्हिलला घेऊन जातो, तोच पंच शोधतो, तोच इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, लिहितो. मग घरी जाऊन जेवायला बसतो. बसता आलं तर.

एका हवालदाराची गोष्ट सांगतो, त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं काढून. तळ्यात बुडालेल्या लहान मुलाचा पंचनामा त्याने केला होता. पंचनाम्याची भाषा तुम्हाला माहीत असेल, कोरडी असते आणि ती तशीच असावी लागते. त्यात त्याने लिहिलं होतं, 'डाव्या पायात निळ्या रंगाची प्लास्टिकची चप्पल, उजव्या पायातील चप्पल मिळून आली नाही.' कागद पुढे गेला, प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून मिटलं. ह्याच्या डोक्यातून ती उजवी चप्पल जाईना. घरात पोरांच्या चपला दारात पडलेल्या दिसल्या की तो त्या उचलून आत ठेवायचा, जोड्या लावून. बायकोला वाटलं, ह्यांना एवढी टापटीप कधीपासून? मला म्हणाला, "फादर, काय सांगायचं, रात्री झोपच लागंना बघा. उगं वाटतंय, शोधायला पाहिजे हुती." (मी कॅथलिक नाही, पण खात्यात सगळे फादरच म्हणतात, आणि ते मला चालतं.)

आम्ही दोघं साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पहाटे त्या काठावर गेलो. तो साध्या कपड्यात. बाभळीखाली, गाळात, निर्माल्याच्या पिशव्यांमध्ये शोधलं. मिळाली नाही. ऊन चढल्यावर तो खाली बसला आणि पहिल्यांदा रडला. मी वचन वाचलं नाही, उपदेश केला नाही, शेजारी बसून राहिलो. परत येताना त्याने स्वतःहून विचारलं, "त्या पोरासाठी प्रार्थना कराल का?" तेव्हा केली. तो ख्रिस्ती नाही. आजही नाही, आणि मी त्याला कधी विचारलेलंही नाही.

ह्या माणसाने हे कुणाला सांगायचं होतं? साहेबाला सांगितलं तर हा कच्चा आहे असा शिक्का बसेल. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो हे कळलं तर पिस्तूल काढून घेतील, कुठल्या तरी कोपऱ्यात साईड पोस्टिंग देतील, ही भीती खोल आहे. सहकाऱ्याला सांगावं तर त्याच्या डोक्यात त्याचे स्वतःचे मयत आहेत. बायकोला सांगावं तर तिला पुन्हा झोप लागणार नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनेवर बंधनं आहेत, म्हणजे कामगारांना असते तशी युनियनही नाही. गणवेशातल्या माणसाचं ऐकून घेणारा, पण त्याचा अहवाल वर न पाठवणारा, त्याच्या बढतीशी किंवा बदलीशी संबंध नसणारा एक माणूस त्याला हवा असतो. मी ठाण्यात जातो तो एवढ्यासाठी.

आणि सोलापूरचं वर्ष कसं असतं ते बघा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, होम मैदानावरची गर्दी. मग शिवजयंती, एप्रिलमध्ये ४० च्या पुढच्या उन्हात बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुका, मग बसवजयंती. आषाढीला ग्रामीणच्या पोलिसांचं अख्खं जग पंढरपूर होतं, शाळेच्या वर्गात बेंच बाजूला सारून झोपायचं, रांग लावून आंघोळ करायची. पुढे गणपती, नवरात्र, कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा रस्ता. २५ डिसेंबरला आमच्या चर्चबाहेरसुद्धा तेच उभे. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा एका शिपायाच्याच कल्पनेतून तो निघाला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बंदोबस्त लागला की मात्र आठ तास कागदावरच राहतात. पोराचा वाढदिवस, बहिणीचं लग्न, आईचं वर्षश्राद्ध, सगळं फोनवर.

आता माझ्याच लोकांच्या आक्षेपाबद्दल. "सुवार्ता सांगत नाही तर पाद्री कसला?" असं मला तोंडावर विचारलं गेलंय. माझं उत्तर असं. ठाण्यात साहेबाने सांगितलं, दहा वाजता सगळ्यांनी हॉलमध्ये हजर राहा, तर तो हुकूम असतो. रात्रपाळी करून आलेला शिपाईसुद्धा तिथे येऊन बसतो. नाही म्हणण्याची मुभा नसलेल्या माणसापुढे उभं राहून प्रवचन देणं ही जबरदस्ती आहे, मग ते कुठल्याही धर्माचं असो. म्हणून मी हॉलमधली भाषणं घेत नाही, तणावमुक्तीची शिबिरंही नाही. पत्रकं वाटत नाही. कुणी मागितल्याशिवाय प्रार्थना करत नाही. ज्याच्यामागे आम्ही चालतो त्या येशूकडे रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, आपल्या आजारी चाकरासाठी आला, तेव्हा त्याने आधी चाकर बरा केला. त्या अधिकाऱ्याला आधी तू कोणत्या देवाचा, असं विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

गुपिताबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. अमेरिकेत पाळकाला सांगितलेल्या गोष्टीला कायद्याचं संरक्षण असतं. आपल्याकडे नाही. जुन्या पुरावा कायद्यात नव्हतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. वकिलाला आहे, नवरा-बायकोला आहे, पाळकाला नाही. म्हणून कुणी मन मोकळं करायला लागला की मी आधी सांगतो, बाबा रे, तुझं दुःख, तुझी भीती, तुझं घरचं माझ्यापाशी राहील. पण गंभीर गुन्हा सांगणार असशील तर मला कोर्ट बोलवू शकतं, आणि मी खोटं बोलणार नाही. हे ऐकून काही जण गप्प होतात. होऊ देत. आणि जीव द्यायची भाषा कुणी करत असेल तर मी एकट्याने ते अंगावर घेत नाही. डॉक्टरकडे सोबत जातो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिथेच बसून लावून देतो. प्रार्थना ही औषधाच्या जागी नसते.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला एक प्रसंग मला ह्या कामाचा पाया वाटतो. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला या येशूच्या प्रचारकांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलंय, पाय खोड्यात. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात. तुरुंगाचा अधिकारी जागा होतो, कैदी पळाले असं समजून स्वतःची तलवार उपसतो, कारण कैदी पळाले तर वरचे त्याला सोडणार नाहीत. तेव्हा अंधारातून पौल ओरडतो की स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. मार खाल्लेला कैदी पहारेकऱ्याचा जीव वाचवतो. पुढचं लोक विसरतात. तो अधिकारी त्याच रात्री त्यांना बाहेर नेतो आणि त्यांच्या जखमा धुतो.

ह्या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात. पोलिसाचा जीव वाचवायचा आणि कोठडीतल्या माणसाच्या जखमांकडे बघायचंच नाही, असं मला जमणार नाही. आमचा प्रभू रात्री अटक झालेला आणि पहारेकऱ्यांचा मार खाल्लेला आहे. आणि सोलापुरातल्या ख्रिस्ती माणसाला तर हे टाळताच येत नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्या जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी घेतली. आजही आपण त्या भागाला सेटलमेंटच म्हणतो. काही काळ तिथला कारभार आमच्याच अमेरिकन मराठी मिशनकडे होता. शाळा काढल्या, काम दिलं, हे खरं. पण तार तशीच ठेवली, हेही खरं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीकडे वळते, ते मात्र तिथल्या आयांना विचारा.

एकदा एका ठाण्यात चहा घेत असताना मागच्या खोलीतून आवाज आले. पट्ट्याचे. अधिकारी म्हणाले, "फादर, तुम्ही नंतर या." मी म्हणालो, साहेब, मला घाई नाही, मी इथेच बसतो. बसलो. आवाज थांबले. अटकेतल्या माणसाच्या हक्कांबद्दलचा डी. के. बसू खटल्याचा १९९६ चा निकाल, २०२० चा ठाण्याठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं, त्यामुळे काही सुनावण्याची गरज नव्हती. पुढे बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एका रात्री त्यांचाच फोन आला, घरच्या अडचणीसाठी. गेलो. तो विषय त्यांनीच काढला, आणि आम्ही बराच वेळ बोललो. मी पोलिसांच्या बाजूचा आहे, म्हणूनच त्या पट्ट्याबद्दल गप्प बसू शकत नाही. तो मारताना मारणाऱ्याचंही काहीतरी मोडतं, हे मी त्यांच्या घरांत जाऊन पाहिलेलं आहे.

हे एकट्या पाद्र्याचं काम नाही. खात्यात बहुतेक पोरं हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, लिंगायत आहेत. कीर्तनकार, मौलाना, भन्तेजी, मठातले स्वामी, कुणीही ह्यात येऊ शकतं. कुणाला कुणाशी बोलायचं ते शिपायाने ठरवावं. वरिष्ठांकडे माझी मागणी छोटी आहे. पोलीस लाईनीत एक खोली द्या, तिथे कोण आलं-गेलं याची नोंद ठेवू नका, आणि अकस्मात मृत्यूचं लहान मुलाचं प्रकरण हाताळलेल्या अंमलदाराला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या.

आषाढीचा बंदोबस्त उतरला की थकलेली माणसं घरी येतात आणि घरातली भांडणं त्याच आठवड्यात वर येतात, हा माझा अनुभव आहे. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी लाईनीत असणार आहे. सोबत यायला कुणी तयार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. ऐकायची तयारी हवी, पत्रकं आणू नका, आणि जेवणाचा डबा स्वतःचा आणा, त्यांच्या घरच्यांना आपल्यासाठी चूल पेटवायला लावायची नाही.