कूलंट ही लूट नाही, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका

"कूलंट म्हणजे कंपन्यांची लूट!! प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोचवा" हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मी आधी न वाचताच उडवला होता, पण काल मामाने तोच फॅमिली ग्रुपवर टाकला, वर "चला, सर्व्हिसिंगचे पैसे वाचले" असं लिहून, आणि हा माणूस परवा कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला निघालाय, गाडीत मामी आणि नातवंडं. म्हणून बसलो लिहायला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात: आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते रंगीत द्रव) लागतच नाही, नळाचं किंवा बोअरचं पाणी भरा. भरायचंच तर रंगाला रंग जुळवा. गाडी तापली की लगेच ओलं फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडा आणि थंडगार पाणी ओता. तरी तापली तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका.

आधी ते झाकण. बाकीच्या सल्ल्यांनी इंजिन जाईल, याने तोंड आणि हात भाजतील. त्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 (बार, म्हणजे दाबाचं माप) असा आकडा असतो तो उगाच नसतो, साधारण तेवढा जादा दाब आत धरून ठेवायचं त्याचं काम असतं. दाबाखाली आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून वर उसळतं, कुकरची वाफ न जिरवता झाकण ओढल्यासारखं, फक्त इथे आत काही लिटर आहे आणि तुम्ही वर वाकून बघताय. ओलं फडकं काय करणार त्याला? आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी गेलं की हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकू शकतं, कधी तडा जातो, मग कूलंटचे वाचवलेले पैसे हेडच्या कामात कित्येक पट जातात.

घाटात तापमानाचा काटा चढला (किंवा काही नव्या गाड्यांत काटाच नसतो, लाल दिवा लागतो) तर एसी बंद, हीटर फुल, घामाघूम व्हाल पण इंजिनची उष्णता त्याने बाहेर निघते. जागा मिळेल तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास चहा प्या. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला की मगच झाकणाला हात. मामा, जाताना उतार आहे, गाडी तापायची ती येताना चढावर, तेव्हा हे लक्षात ठेव.

आता पाण्याचं. अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो: उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे, आणि रस्त्यात अडकलात तर इंजिन गार झाल्यावर बिसलेरी ओतून गॅरेजपर्यंत जायला काहीच हरकत नाही. पण कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतो. अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), अर्धं पाणी असं मिश्रण उणे 37 पर्यंत गोठत नाही हे आपल्याला बिनकामाचं, पण तेच मिश्रण उकळतंही उशिरा, आणि त्यात गंज रोखणारी रसायनं असतात ती नळाच्या पाण्यात कुठून येणार? बोअरचं पाणी तर विचारूच नका, बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. "आमच्या अँबॅसिडरला जन्मभर पाणीच घातलं" म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की तेव्हा घाटात पाण्याचा कॅन सोबत असायचा आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर खोलून साफ करून डाख मारून मिळायचा. आताचे अॅल्युमिनियमचे, टाक्या प्लास्टिकच्या, ते थेट बदलावे लागतात.

रंग हा फक्त रंग आहे, कंपनी हवा तो टाकते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा, ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात पडलंय, त्यात कुठला कूलंट, किती किलोमीटरला बदलायचा सगळं आहे. माझ्यावर नका, त्यावर विश्वास ठेवा. टोयोटाचा गुलाबी कूलंट पहिल्यांदा 1,60,000 किमीला बदलतात, यात कुठली आली लूट? कॅनवर 'रेडी टू यूज' असेल तर पाणी मिसळायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर निम्मं घालायचं. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतून जास्त गार होत नाही, उलट कमी होतं.

थर्मोस्टॅट काढलात तर इंजिन पुरेसं तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ बिघाड आहे तिथेच राहतो. पुढे जाऊया.

टॉप-अप म्हणजे गार इंजिनवर बाजूच्या बाटलीत लो आणि फुलच्या मध्ये पातळी आणणं, एवढंच. काही गाड्यांत त्या बाटलीलाच दाबाचं झाकण असतं, तीही गरम असताना उघडायची नाही. आणि दर महिन्याला पातळी खाली जात असेल तर ओतत बसू नका, कुठेतरी गळतंय: होजचा क्लॅम्प, वॉटर पंप, किंवा पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागलं तर हीटरची कॉइल. बाहेर कुठेच थेंब दिसत नाही तरी कमी होतंय, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतोय किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतंय, तर बहुतेक हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या मधलं सील) गेलंय, गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.