हात थरथरला की पार्किन्सनच?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याही आला असेल. हात थरथरणं म्हणजे पार्किन्सन, हा मेंदूचा आजार. थरथर नसेल तर निर्धास्त राहा. तरुणाचा हात थरथरला तर व्यसन नाहीतर कच्चं मन. आणि सगळ्यावर उपाय एकच, खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण. ते सुरू केलं की डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या म्हणे.

पहिला दावाच उलटा आहे. पार्किन्सनपेक्षा ‘इसेन्शियल ट्रेमर’ हा थरथरण्याचा वेगळा विकार कितीतरी जास्त लोकांना असतो. तो बहुधा दोन्ही हातांना असतो आणि काम करताना दिसतो. कटिंगचा ग्लास तोंडाशी नेताना चहा बोटांवर सांडतो, बँकेत सही जुळत नाही. घरात विचारलं तर बऱ्याचदा वडिलांचा किंवा आत्याचाही हात असाच असतो. पार्किन्सनचं नेमकं उलट. लोकलमध्ये मांडीवर निवांत पडलेला हात, सुरुवातीला एकाच बाजूचा, अंगठा आणि तर्जनीत तंबाखू मळत असल्यासारखा हलत राहतो. पास काढायला खिशात घातला की थरथर कमी होते. शिवाय हालचाली मंदावतात: शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, चालताना एक हात झुलत नाही, अक्षर बारीक होत जातं. हा मंदपणा नसेल तर डॉक्टर पार्किन्सनचं निदान करत नाहीत. उलट, थरथर अजिबात नसलेले पार्किन्सनचे रुग्णही बरेच असतात. त्यामुळे ‘निर्धास्त राहा’ हा सल्लाही बाद.

कच्च्या मनाबद्दल म्हणाल, तर बारीक कंप प्रत्येकाच्याच हातात असतो, सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा. ताठ बोटांवर कागद ठेवा, दिसेल. भीती, जागरण, जास्त कॉफी, वाढलेला थायरॉइड, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट यांनी तो वाढतो. मधुमेही माणूस थरथरतोय, घामाघूम झालाय, तर रक्तातली साखर 70 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली गेली असण्याची शक्यता मोठी. शुद्धीवर असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, वाद नंतर घाला. व्यसनाचा मुद्दा अर्धा खरा आहे, पण रोज पिणाऱ्याचा हात दारू सुटल्यावर थरथरतो. अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. (पावसाळ्यात ताप चढताना भरणारी हुडहुडी वेगळी; तिथे मलेरियाची तपासणी त्याच दिवशी.)

आता चूर्ण. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, हे खरंच. पार्किन्सनच्या गोळीतही तेच असतं. पण गोळीत सोबत कार्बिडोपा घालतात, म्हणजे औषध मेंदूत पोचण्याआधीच वाया जात नाही आणि मळमळही कमी होते. शिवाय गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. चूर्णाच्या चमच्यात किती, ते पुडीगणिक बदलतं. गोळ्यांवर चूर्ण घेतलं तर डोस वाढून चक्कर, अंगाच्या वेड्यावाकड्या हालचाली, भास. गोळ्या एकदम थांबवल्या तर अंग लाकडासारखं ताठ होऊन, ताप येऊन जिवावर बेतू शकतं. आणि थरथर थायरॉइडची असेल, तर लेव्होडोपाने तिला काहीही होत नाही.

मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत न्यूरॉलॉजीची, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांची, ओपीडी असते. जाताना हात मांडीवर असतानाचा आणि भरलेला ग्लास धरतानाचा असे दोन व्हिडिओ मोबाइलवर न्या. चालू असलेली सगळी औषधं न्या, चूर्णाची पुडीसुद्धा.