थोरला शंभर

थकबाकीच्या तक्त्यांचे सॉर्टिंग, म्हणजे ओळींचा क्रम लावणे, ब्राउझरमध्येच कोणत्या पद्धतीने करावे, एवढेच ठरवण्यासाठी काल बैठक झाली आणि तिचा निकाल मला अजून पचलेला नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची तयार लायब्ररी जोडावी, पानावरच्या ओळी उचलून पुन्हा मांडाव्यात, किंवा माहिती अ‍ॅरेमध्ये, म्हणजे कोडमधल्या यादीत, ठेवून तिथे क्रम लावावा आणि तक्ता नव्याने काढावा, असे तीन मार्ग होते. माझे मत तिसऱ्याला होते; मात्र तुलना कशी करायची हे स्पष्ट सांगितले नाही, तर जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची प्रोग्रॅमिंग भाषा आकड्यांनाही अक्षरे समजून रांगेत उभे करते, हे आधी दाखवणे भाग होते. म्हणून मी पडद्यावर तसाच चढता क्रम लावला: १००, २०, ९.

"यात चुकले काय?" खोलीत गारवा असतो म्हणून येऊन बसलेल्या हिशेब विभागातील एका गृहस्थांनी विचारले. "शंभर थोरला. त्याचा मान पहिला."

"अहो, पण हा चढता क्रम आहे."

"मग क्रमाचा बाण उलटा करा."

मी यादीत १००० घातला. तो १०० च्या मागे आणि २० च्या पुढे जाऊन बसला. आता तरी गृहस्थ निरुत्तर होतील असे वाटले, पण त्यांनी चष्मा सावरला, हजाराकडे सहानुभूतीने पाहिले आणि म्हणाले, "तो आत्ताच आला ना? शंभराने आधीच जागा धरली होती." सभेने माना डोलावल्या.

मी 'ळ' पुढे केला. संगणकात प्रत्येक अक्षराला जो क्रमांक असतो, त्या संकेतांकांच्या क्रमात तो 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येतो, त्यामुळे काळे कावळ्यांच्या आधी लागतात. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतर आहे, तेव्हा भाषा सांगून कोलेटर, म्हणजे त्या भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारी सोय, वापरावा, असे मी म्हणालो. "'ळ'ने सुरू होणारे एक तरी आडनाव सांगा," गृहस्थ म्हणाले. समान किमतीच्या ओळींचा मूळ क्रम टिकण्याची हमी जावास्क्रिप्टच्या मानकात २०१९ मध्ये आली, हे सांगेपर्यंत चहा आला.

खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सर्व्हर एका वेळी पन्नासच ओळी पाठवतो, आणि कोणताही मार्ग घेतला तरी ब्राउझर त्या पन्नासांतलीच सर्वांत मोठी थकबाकी वर आणणार. बाकीच्या हजारो ओळी न पाहताच वापरणारा तिला सर्वांत मोठी समजणार. हे मी दोनदा बोललो, आणि इतिवृत्तात त्याचा एक शब्दही नाही. लायब्ररी निवडली गेली, कारण तिचा बाण फिरताना छान दिसतो. माझ्या नावापुढे काम नोंदवले आहे: बाण निळा करणे.